कंपायलरने पास केलेली पंगत

मंडळाच्या सभेत मी बोललो, यावर माझा स्वतःचाच अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. सभेला मी नेहमी जातो, खांबाशेजारची खुर्ची धरतो, चहा घेतो आणि ठराव मंजूर झाला की इतरांबरोबर टाळी वाजवतो. एवढेच माझे सार्वजनिक जीवन. त्या दिवशी मात्र तोंड उघडले आणि पुढचे सगळे घडले.

विषय पंगतीचा होता. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या जबलपूरच्या मंडळात पारण्याचे जेवण असते. कांचघर भागातली आणि आसपासची मराठी घरे येतात, खमरियाच्या क्वार्टरांतून एकेका स्कूटरवर तिघे बसून येतात, मझौलीहूनही एकदोन कुटुंबे येतात. जेवणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहून त्याच्या पत्रावळीत किती भात उरला आहे याचा अंदाज घेत राहणे, ही आमच्याकडची जागा राखायची रीत. गेल्या वर्षी एकाच्या मागे दोघे उभे होते. तो उठला आणि दोघे एकदम बसले, म्हणजे एक जमिनीवर बसला आणि दुसरा त्याच्यावर. शब्दाला शब्द वाढला. शेवटच्या पंगतीला भातही पुरला नाही. मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी या वर्षीच्या सभेत जाहीर केले, "पंगत बंद. आतापासून पाकीट. घ्या, घरी जा, आरामात खा."

माझी पत्नी हेमलता लग्न होऊन जबलपुरात आल्यापासून त्या पंगतीत वाढते, आणि आता कित्येक वर्षे वाढणाऱ्या बायकांची मुख्य आहे. ती समोरच बसली होती. ती काहीच म्हणाली नाही. हेमलता रागावली तर मला काळजी वाटत नाही. ती गप्प राहिली की वाटते.

"मी... एक प्रोग्राम लिहितो," मी म्हणालो. "जागा आधीच ठरवून देणारा. म्हणजे कोणी कोणाच्या पाठीमागे उभं राहणार नाही."

"कोण बोलून राहिलं?" बापूसाहेबांनी विचारले. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिले. मीही पाहिले. शेवटी माझ्या शेजारच्या शैलेंद्रने माझ्याकडे बोट दाखवले.

"रत्नाकर? तुला येतं हे?"

"वाचलं आहे," मी म्हणालो.

सभागृहात जे हसू पसरले त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. पण बापूसाहेब मुळात न्यायी माणूस. ते म्हणाले, "चलो, एक मौका. फसलं, तर पाकीट. मग कोणी माझ्याकडे रडत यायचं नाही."

आता 'वाचलं आहे' याचा खुलासा. मी टेलिफोन खात्याच्या एका प्रशिक्षण संस्थेत ग्रंथपाल होतो. लोक रहस्यकथा वाचतात तशी मी प्रोग्रामिंगची पुस्तके वाचत आलो आहे. प्रोग्राम मात्र कधी लिहिला नव्हता. पोहण्यावरचे सगळे ग्रंथ वाचून नर्मदेवर ग्वारीघाटाच्या पायरीवर चपला सांभाळत बसलेला माणूस असतो, तो मी.

भाषा निवडताना मात्र मी डगमगलो नाही. आमच्या ग्रंथालयात अर्लांग या भाषेची दोन-तीन पुस्तके होती. ही भाषा टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मली. ती ज्या यंत्रावर चालते त्याला बीम म्हणतात. हे यंत्र लोखंडाचे नाही, तोही एक प्रोग्रामच आहे. त्याची खुबी अशी की तो एकाच वेळी लाखो लहान लहान कामे चालवतो. प्रत्येक काम स्वतःची माहिती स्वतःजवळ ठेवते, दुसऱ्याच्या ताटात डोकावत नाही आणि काही सांगायचे असेल तर निरोप पाठवते. एखादे काम कोसळले तर बाकीच्यांना धक्का लागत नाही. देखरेखीला ठेवलेले दुसरे काम त्याला पुन्हा उभे करते. एकाचा फोन तुटला म्हणून गावाचे फोन तुटत नाहीत, तसे. आमच्या मंडळात या स्वभावाचे एकही कुटुंब नसल्यामुळे मला या यंत्राबद्दल फार आदर वाटत आला आहे.

अलीकडे काही तरुण मंडळींनी याच जुन्या, कसाला उतरलेल्या यंत्रावर चालणाऱ्या नव्या काटेकोर भाषा केल्या. काही अर्ध्या वाटेवर थांबल्या. ग्लीम नावाची एक मात्र नीट मार्गी लागली. तिच्यात प्रत्येक वस्तूचा प्रकार, म्हणजे टाइप, पक्का असतो. साखरेच्या डब्यात मीठ सापडले तर प्रोग्राम चालूच होत नाही. हे तपासणाऱ्याला कंपायलर म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरात हाच कायदा अनेक वर्षे लागू आहे, त्यामुळे मला तो जाचक वाटला नाही.

इतरांना वाटला. मुलगी स्वानंदी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती फोनवर म्हणाली, "बाबा, ग्लीम काहून? आमच्या ऑफिसात कोणाला नाव पण माहीत नाही. सरळ एक गूगल फॉर्म टाका ना."

शैलेंद्र खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे. संध्याकाळी स्कूटर लावली की घरी जाण्याआधी तो आमच्या फाटकाशी थांबतो आणि सल्ला देतो. "काकाजी, एक्सेल. बस, एक्सेल. आमच्या सेक्शनची पूरी ड्युटी एक्सेलवर चालते."

"आणि दोघांनी एकाच वेळी एकच जागा घेतली तर?"

"तर भांडण होते," शैलेंद्र प्रामाणिकपणे म्हणाला. "पण फाइल सेव्ह राहते."

मी कामाला लागलो. प्रत्येक कुटुंबासाठी बीमवर एक स्वतंत्र काम. प्रत्येक पंगतीसाठी एक. कुटुंब पंगतीला निरोप पाठवते, 'आम्ही चौघे, जागा आहे का?' पंगत उत्तर देते. एका पंगतीला एका वेळी एकच निरोप वाचता येतो, त्यामुळे एका जागेवर दोघे बसण्याचा प्रसंगच येत नाही. हे पहिल्यांदा चालताना पाहिले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. कोणासाठी उभा राहिलो ते मला सांगता येणार नाही.

कंपायलरशी माझे संबंध पहिल्या दिवसापासून चांगले होते. नोकरीत मला अनेकांनी चुका दाखवल्या, पण इतक्या सभ्यतेने कोणी दाखवल्या नव्हत्या. तो नुसते 'चूक' म्हणून थांबत नाही. कुठे अडले तिथे खूण करतो, त्याला काय अपेक्षित होते ते सांगतो, आणि कधी कधी 'तुम्हाला हा शब्द म्हणायचा होता का?' असेही विचारतो. निमंत्रणाच्या उत्तराचे मी दोन प्रकार केले होते, 'येणार' आणि 'येणार नाही'. मग पहिली दहा घरे फोन करून विचारली. सात घरांनी सांगितले, "पाहू." म्हणून तिसरा प्रकार केला. तत्क्षणी कंपायलरने जिथे जिथे मी उत्तर तपासले होते ती प्रत्येक जागा दाखवली: इथे 'पाहू'चे काय करायचे ते लिहिलेले नाही. इथेही नाही. इथेही.

मलाच ठाऊक नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारले, "हेमलता, 'पाहू' म्हणजे नक्की काय?"

"येतील," ती कणीक मळत म्हणाली. "आणि सोबत दोघं जास्त."

तसे लिहिले. कंपायलर समाधान पावला. जगातल्या कुठल्याही पुस्तकात ही व्याख्या मला सापडली नसती.

माझ्या सगळ्या रचनेचा अभिमानाचा भाग म्हणजे 'कुटुंब' हा टाइप. गेल्या वर्षी नवरा पहिल्या पंगतीत, बायको तिसऱ्या, आणि पोरगा दोन्हींत, असा घोळ होता. मी असे बांधले की कुटुंबाची फाळणी करणारा प्रोग्राम लिहिताच येऊ नये. कुटुंब बसेल तर सगळे एका पंगतीत, शेजारी शेजारी. वृद्ध ज्या घरात आहेत ती घरे आधी. मी हे कंपायलरपुढे ठेवले आणि त्याने एकही शब्द काढला नाही. परीक्षकाच्या मौनाचा अर्थ कौतुक असा घ्यायचा नसतो, हे मला या वयात कळायला हवे होते.

मधली विघ्ने थोडक्यात सांगतो. कुटुंबांना त्यांची पंगत मोबाइलवर संदेशाने कळवायची होती. तसे संदेश घाऊक पाठवायला आधी मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. अर्जात विचारले होते, संदेश व्यापारी की सेवेचा? मी लिहिले, 'जेवणाचा.' अर्ज परत आला. दुसऱ्यांदा 'सेवेचा' लिहिले, तर सेवेचे स्वरूप विचारले. मी पारण्याचे महत्त्व सांगणारी दीड पाने जोडली. तीही परत आली, यावेळी जास्त लवकर. अखेर स्वानंदीने एका सर्व्हरवर जागा मिळवून दिली आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक दुवा टाकायचे ठरले. तो दाबला की आपली पंगत दिसेल.

पुढे वेळ विचारण्यासाठी मी अर्लांगमधले एक जुने फंक्शन ग्लीममधून बोलावले. हे करता येते, एकच यंत्र असल्याने नव्या भाषेला जुनीची सगळी शिदोरी मिळते. पण सीमेपलीकडून काय येणार हे कंपायलर तुमच्या शब्दावर सोडतो. मी शब्द दिला, 'मजकूर येईल.' आले भलतेच, अंकांची एक लांबलचक माळ. ते काम कोसळले. माझा चेहरा उतरला. एवढ्यात देखरेखीच्या कामाने त्याला पुन्हा उभे केले. ते पुन्हा कोसळले. पुन्हा उभे केले. आणि या सगळ्या वेळात बाकीच्या घरांच्या नोंदी शांतपणे सुरू होत्या, कोणी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. शब्द मी खोटा दिला होता, आणि त्याची शिक्षा फक्त त्या एका कामाला झाली. इतका न्याय मी सरकारी नोकरीत पाहिलेला नाही.

नेमके याच वेळी बापूसाहेब पाहणीला आले. पडद्यावर लाल अक्षरे होती.

"हे काय पडून राहिलं?"

"पडतं, बापूसाहेब, पण लगेच उठतं."

"मग आधी पडतं काहून?"

मी त्यांना या यंत्राचे तत्त्वज्ञान सांगू लागलो: पडूच नये म्हणून जिवाचा आटापिटा करण्यापेक्षा, पडल्यावर नीट उठता यावे अशी सोय आधी करून ठेवावी. बापूसाहेबांचे नुकतेच गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरून पाय सरळ केला. मग म्हणाले, "रत्नाकर, पाकिटाचा भाव मी विचारून ठेवला आहे," आणि गेले.

मी ती माळ दुरुस्त केली. शैलेंद्रने आपल्या घरचे सगळे फोन गोळा करून सगळ्यांवरून एकदम बटण दाबून पाहिले. काही झाले नाही. "काकाजी, हे तर टँकसारखं निघालं!" तो म्हणाला. कारखान्यातल्या माणसाकडून ही मोठी पदवी आहे. त्या रात्री मला झोप चांगली लागली, आणि ही माझी शेवटची चूक नव्हती.

पारण्याच्या दिवशी सकाळी दुवा गेला. दुपारी मंडळात पोचलो तर अंगणात विलक्षण दृश्य. लोक उन्हात खुर्च्यांवर बसून होते. कोणी कोणाच्या पाठीमागे उभे नव्हते. मझौलीची मंडळी फोनवर "तिसरी, तिसरी" म्हणत निवांत शेंगदाणे खात होती. बापूसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी संकोचाने दुसरीकडे पाहिले, पण थाप मारून घेतली.

पहिली पंगत आत गेली. पत्रावळी मांडलेल्या, पाणी ठेवलेले, उदबत्तीचा वास. सगळी वृद्ध माणसे आपापल्या कुटुंबासह बसली. निवृत्त माणसाचे म्हणून आमचे घरही वृद्धांतच मोजलेले, तेव्हा मी आणि हेमलता कोपऱ्यात शेजारी शेजारी. हे आमच्या लग्नानंतर त्या सभागृहात पहिल्यांदाच घडत होते. तिने मोरपंखी साडी नेसली होती. वाढायच्या दिवशी ती नेहमी जुने सुती पातळ नेसते, पण याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. श्लोक झाला. 'जय जय रघुवीर समर्थ' झाले. मग सगळे वाट पाहू लागले.

काहीच आले नाही.

स्वयंपाकघराच्या दारात आचारी भाताचे घमेले घेऊन उभा होता आणि ते घेणारे हात शोधत होता. बापूसाहेबांनी मान उंचावली. "वाढणाऱ्या बायका कुठे गेल्या?"

मी पंगतीवर नजर फिरवली. समोर विनताताई, सासऱ्यांच्या शेजारी. पलीकडे श्रद्धा, सासूच्या शेजारी. रश्मी, तिचा नवरा, तिचे आजेसासरे. मंडळात वाढायला उभ्या राहणाऱ्या जवळजवळ साऱ्या जणी समोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आपापल्या कुटुंबात, शेजारी शेजारी, अगदी टाइपात लिहिल्याप्रमाणे. वृद्ध सांभाळणारी घरे तीच आणि वाढायला बायका देणारी घरेही तीच, हा योग माझ्या ध्यानात आला नव्हता. कुटुंबातले कोणीतरी त्या वेळी उभे असावे लागते, हे मी कुठेच लिहिले नव्हते. कंपायलर बिचारा काय करणार? त्याने मी सांगितलेले सगळे तपासले होते. न सांगितलेले तपासायचे काम माझे होते.

आता एकच वाक्य बोलायचे होते, 'चूक झाली, बायकांनी उठावे.' मग गोंधळ, हशा आणि पुढच्या वर्षी पाकीट. मी हेमलताकडे पाहिले. ती उठत नव्हती. ती ताठ बसून समोरच्या रिकाम्या पत्रावळीकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नव्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीसारखे काहीतरी होते.

मी उठलो. का, ते मला माहीत नाही. दाराकडे गेलो आणि आचाऱ्याच्या हातातून घमेले घेतले.

"अहो, भात नाही! आधी मीठ!" हेमलता बसल्या जागेवरून ओरडली.

मी घमेले ठेवून मिठाची ताटली घेतली.

"डाव्या बाजूला लिंबू! मग चटणी, मग कोशिंबीर! भाजी उजवीकडे!"

मी पहिल्या पत्रावळीवर मीठ वाढले. ते मूठभर पडले. ज्यांच्या पत्रावळीवर पडले त्यांनी ते बोटाने हळूच कडेला सारले, सभ्य गृहस्थ होते. तेवढ्यात दुसऱ्या पंगतीतला शैलेंद्र बाहेरून धावत आला, "काकाजी, मी पुऱ्या घेतो," म्हणत. त्याच्यामागून आणखी चौघे पुरुष आले. वरणाची बादली एकाने इतक्या जोशात वाकवली की वरणाने कोशिंबिरीला वळसा घालून लिंबाचे बेट केले. मग स्वतः बापूसाहेब उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाले, "तूप इकडे आणा. तूप तरी मला येतं."

"बापूसाहेब, भात वाढल्यावर तूप!" बायकांच्या रांगेतून एकदम तीन आवाज आले.

"माहीत आहे!" बापूसाहेब म्हणाले. माहीत नव्हते. त्यांनी दोघींच्या भाजीवर ते आधीच सोडले होते.

अशी ती पंगत झाली. पुऱ्या कढईतून थेट येत होत्या, फुगलेल्या. हेमलताने एक मोडली तेव्हा तिच्यातून वाफ निघाली आणि ती थोडा वेळ तशीच हातात धरून बसली. मग पहिली पंगत उठली, पदर खोचले, आणि त्यांनी दुसरी वाढली. तिसरीला मझौलीची मंडळी जेवली. कोणी कोणावर बसले नाही. 'पाहू'वाले दोन-दोन जास्त घेऊन आले आणि त्यांच्या जागा तयार होत्या. भात पुरला.

वाढणारे आम्ही पुरुष शेवटी बसलो. पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. पत्रावळीवर वाढलेले तूप थंडीने थिजून बसले होते. बापूसाहेबांनी पुरीचा तुकडा तोडायचा दोनदा प्रयत्न केला आणि समोर वाढत असलेल्या हेमलताला विचारले, "वहिनी, दरवर्षी तुम्ही हेच खाता?"

"आज तरी बरं आहे," ती म्हणाली. "कोशिंबीर उरली आहे."

बापूसाहेबांनी पुरी वरणात बुडवून ठेवली. हात धुताना मी त्यांना शैलेंद्रला सांगताना ऐकले, "पुढच्या वर्षी पत्रावळी थोड्या मोठ्या मागव. वरण बाहेर जाते." पाकिटाचा विषय मग कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडला आणि 'वाढपी' हा नवा प्रकार लिहिला. कंपायलरने लगेच, नेहमीच्या अदबीने, जिथे जिथे त्याचा विचार करायला हवा त्या सगळ्या जागा दाखवल्या. त्यांची संख्या पाहून मी ओशाळलो. हेमलता चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून पाहत उभी राहिली.

"काय करून राहिले?"

"दुरुस्ती." मी चष्मा काढून पुसला. सगळ्या बायका काल मला आशीर्वाद देऊन गेल्या होत्या. विनताताई तर म्हणाल्या होत्या, रत्नाकररावांनी आमचा विचार केला. ते ओझे मला पेलत नव्हते. "हेमलता, कालचं मी मुद्दाम केलं नव्हतं. मी विसरलो होतो."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"सकाळी दुवा उघडला तेव्हाच कळलं. श्रद्धाचा फोन आला, विनताचा आला, सगळ्या विचारत होत्या, वाढणार कोण? मी म्हटलं, लिहिलंय तसं बसा."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. "अगं, पण पंगत फसली असती! कायमची बंद झाली असती!"

"हो," हेमलता म्हणाली, आणि माझ्यापुढे कप सरकवला. "म्हणूनच म्हटलं, बंदच व्हायची असेल, तर एकदा बसून पाहावं."